सहा इस्त्र्या, ९.५ ओहम: वरचा ०.७ ओहम कुठला?

गणवेशवाला

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात आमचा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे. खाली शिलाई, वर पत्र्याच्या शेडमध्ये इस्त्री आणि पॅकिंग. सध्या सीझन चालू आहे, जून उजाडायच्या आत माल दुकानांत पोचला पाहिजे, आणि इस्त्रीवाले रोज एकच रड घेऊन खाली येतात: मालक, इस्त्री तापत नाही. एकटी लावली तर बरी तापते. सहाच्या सहा लावल्या की टेरिकॉटची घडी बसत नाही, दोन-दोनदा फिरवावी लागते.

इस्त्र्या सगळ्या सारख्या. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट, १००० वॅट. आमचा धाकटा यंदा दहावीला आहे, तो वहीच घेऊन बसला. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, म्हणून १००० ला २३० ने भागलं: ४.३५ अँपिअर. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट: ५२.९ ओहम. सहा इस्त्र्या समांतर जोडलेल्या, म्हणून ५२.९ भागिले सहा, ८.८ ओहम. इथपर्यंत पुस्तकातलं झालं.

मग ओळखीतून एक क्लँपमीटर (तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर) आणला. सगळ्या इस्त्र्यांचे लाल दिवे लागलेले असताना खाली मेन बोर्डावर मोजलं. व्होल्टेज २२१, वर जाणाऱ्या लाइनचा करंट २३.२. भागाकार केला तर ९.५ ओहम, गुणाकार केला तर ५१२७ वॅट.

व्होल्टेज कमी आहे हे दिसतंच. पण त्याने रोध का वाढावा? पोरगं म्हणतं रोध बदलायलाच नको. मग ८.८ चा ९.५ झाला कसा?

सातरस्ता

इस्त्र्या लोकल असणार. पट्टीवर हजार छापायला काय जातंय बे. वर मीटर कुणाचा तरी उसना.

कडकभाकरी

तापल्यावर रोध वाढतोच की. जुना शंभरचा पिवळा बल्ब घ्या. गार असताना मल्टिमीटर लावला तर चाळीसच्या आसपास ओहम दाखवतो. त्यावर २३० चा वर्ग भागिले ४० केलं तर शक्ती येते १३२२ वॅट! शंभरच्या बल्बला तेराशे वॅट. पेटल्यावर तोच रोध ५२९ ओहम होतो, तेव्हा कुठे शंभर वॅट जुळतात. तुमच्या इस्त्र्यांचंही तेच होत असेल, तापल्या की रोध थोडा चढला.

भौतिकीच्या_बाई

कडकभाकरी, बल्बचा हिशेब अगदी बरोबर दिलात. पण तो इस्त्रीला लागू करता येत नाही. बल्बची तार टंगस्टनची, पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या आसपास जाते, आणि टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर जोरात वाढतो. इस्त्रीत असतं नायक्रोम, निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. त्याचा रोध गार-गरम जवळपास तोच राहतो, शंभर अंशांना एखाद-दोन टक्के इकडेतिकडे. तापवायच्या वस्तूंत तो वापरतात याचं हेही एक कारण आहे.

आणि सातरस्ता, इस्त्री लोकल आहे का हे बसल्या जागी ठरवू नका, मोजता येतं. गणवेशवाले, एकच इस्त्री खाली आणा, मेन बोर्डाच्या शेजारच्या प्लगला लावा, बाकीच्या पाच बंद ठेवा. व्होल्टेज आणि करंट सांगा.

गणवेशवाला

बाई, लगेच केलं. व्होल्टेज २२२, करंट ४.२. भागाकार ५२.९. दुसरी इस्त्री लावून पाहिली, तेच. इस्त्रीची अब्रू राहिली.

भौतिकीच्या_बाई

छान. मग आता मुलाला एक प्रश्न विचारा. त्याने ९.५ ओहम काढला तो नेमका कशाचा?

वर्गात मुलं सूत्र पाठ करतात आणि दिसेल तो व्होल्टेज दिसेल त्या करंटने भागतात. भागाकार कधीही होतो, उत्तरही येतं, पण ते कशाचं उत्तर आहे हे ठरतं व्होल्टमीटरची दोन टोकं कुठे टेकवली होती त्यावर. बोर्डावर टेकवलीत, तर बोर्डाच्या पुढे जे जे आहे त्या सगळ्याचा मिळून रोध. त्यात सहा इस्त्र्या आहेत आणि आणखीही काहीतरी आहे. इस्त्र्यांचाच रोध हवा असेल तर टोकं इस्त्रीपाशी टेकवायची.

सगळे लाल दिवे लागलेले असताना वरच्या टेबलाच्या प्लगमध्ये व्होल्टेज मोजा. करंट तोच धरा. पाण्यासारखा करंट वाटेत गळत नाही, खाली निघालेला २३.२ वरही २३.२ च असतो. दिवे मात्र नीट पाहा. इस्त्रीचा थर्मोस्टॅट मध्येच बंद होतो, एकीचा जरी दिवा गेला तरी आकडे हलतील.

गणवेशवाला

वर २०५. खाली त्याच वेळी धाकट्याने पाहिलं, २२१ च होते.

आणि हिशेब त्यानेच ओरडून सांगितला जिन्यावरून: २०५ भागिले २३.२ म्हणजे ८.८!

वायरमन_जुळे

झालं की मग. १६ व्होल्ट खाली आणि वरच्या मधे गेले. १६ भागिले २३.२ म्हणजे ०.६९ ओहम. तुमचा हरवलेला ०.७ वायरमध्ये सापडला.

आता पुढचं ऐका, हसण्यावारी नेऊ नका. १६ व्होल्ट गुणिले २३.२ अँपिअर, ३७१ वॅट. एवढी उष्णता तुमच्या भिंतीतल्या पाइपात तयार होतीय. घडीला नाही, पाइपाला इस्त्री चाललीय म्हणा.

तीन गोष्टी सांगा. वायर किती एमएमची (म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ किती चौरस मिलिमीटर), बोर्डापासून टेबलापर्यंत लांबी किती, आणि त्या लाइनला एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) कितीचा?

गणवेशवाला

वायर दीड एमएम, तांब्याची. पाइपातून जिन्याने वर जाते, अंदाजे पंचवीस मीटर. एमसीबी ३२ चा. आधी १६ चा होता, तो सारखा पडायचा म्हणून पूर्वीच्या वायरमनने बदलून दिला.

वायरमन_जुळे

अरारा.

सारखा पडायचा म्हणून एमसीबी मोठा करणारे सगळ्या गावात आहेत. एमसीबी इस्त्रीच्या रक्षणाला नसतो, वायरच्या रक्षणाला असतो. दीड एमएमची वायर पाइपात टाकलेली, त्यात आपल्याकडचा एप्रिल, बाहेरच ४२-४३, पत्र्याखाली त्याहून जास्त. तिच्यावर पंधरा अँपिअरच्या वर कायमचा भार टाकू नये. तुम्ही २३ टाकताय, आणि राखणदार बसवलाय ३२ चा. तो ३२ च्या आत पडणारच नाही, आधी वायर वितळेल.

लांबीचा मेळ बसतो का तेही पाहू. दीड एमएम तांब्याची लवचीक वायर, हजार मीटरला १२.१ ओहम धरतात. तुमची पंचवीस मीटर, पण करंट जातो आणि येतो, फेज आणि न्यूट्रल मिळून पन्नास मीटर. म्हणजे ०.६ ओहम. हे वीस अंशांवरचं. तुमचा आलाय ०.६९.

भौतिकीच्या_बाई

वरच्या फरकातून वायरचं तापमानच काढता येतं! तांब्याचा रोध अंशामागे साधारण ०.४ टक्के वाढतो. ०.६ वरून ०.६९, म्हणजे १४-१५ टक्के वाढ. सदतीस-एक अंशांची वाढ झाली. वीस आणि सदतीस, पाइपातलं तांबं सरासरी ५५ ते ६० अंशांवर आहे. लांबी अंदाजे असल्यामुळे आकडाही अंदाजेच, पण थर्मामीटर न घालता आतलं तापमान कळलं. वळणावर, जिथे हवा नाही, तिथे याहून जास्त असणार.

साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंशांची असते. वायरमन बरोबर सांगतायत, गंमत नाही ही.

सातरस्ता

हे ०.६९ सरळ मल्टिमीटरने ओहमवर लावून का नाही मोजायचं? एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

वायरमन_जुळे

अण्णा, मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा. शून्य यायला पाहिजे, येतो ०.२, ०.३. पिनांच्या वायरीचाच रोध तेवढा. अर्धा-पाऊण ओहम मोजायचा आणि त्यात मीटरचंच ०.३ मिसळलेलं, कसा भरवसा धरायचा? शिवाय मल्टिमीटर वायर गार असताना, चिमूटभर करंटवर मोजतो. आपण मोजला २३ अँपिअर वाहताना, वायर तापलेली असताना. कामाचा रोध तोच. छोट्या रोधाला व्होल्टेज-करंटची रीतच खरी, आणि ती करताना लाइनही बंद करावी लागत नाही.

कडकभाकरी

मान्य, बल्ब मागे घेतो. पण मग सोपा उपाय आहे. वरच्या टेबलाशी पाच-सहा किलोवॅटचा स्टॅबिलायझर बसवा. २०५ चे २३० करून देईल, इस्त्र्या खूश, भिंत फोडायला नको.

वायरमन_जुळे

हेच सुचवणारे भेटतात म्हणून हिशेब करूनच दाखवतो.

इस्त्र्यांना पूर्ण २३० दिले की सहाही मिळून ६००० वॅट घेणार. स्टॅबिलायझर काही वीज तयार करत नाही, ती त्याच दीड एमएममधून ओढणार. खाली २२१, वायर ०.६९. समीकरण सोडवलं तर वायरमधला करंट येतो जवळजवळ ३० अँपिअर. वायरमध्ये पडणार २०-२१ व्होल्ट, स्टॅबिलायझरच्या तोंडाशी येणार २०० च. आणि वायरमधली उष्णता? ३७१ वरून थेट ६२० वॅट. स्टॅबिलायझरचा स्वतःचा खर्च धरलाच नाही. एवढं होऊन ३२ चा एमसीबी गप्प.

गणवेशवाला

हे वाचून वर जाऊन पाइपाला हात लावला. वळणावर हात ठेवून धरवत नाही. तीन इस्त्र्या बंद केल्यात. माल रखडला तरी चालेल.

आमच्या इस्त्रीवाल्यांची तक्रार मात्र आकड्यात बसवून हवी आहे. व्होल्टेज २३० चा २०५ झाला, म्हणजे कमी झाला अकरा टक्के. ते म्हणतात इस्त्री "पाव भाग" गार झाली. कुणाचं खरं?

भौतिकीच्या_बाई

त्यांचं. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. रोध तोच राहिला की व्होल्टेज घटला तसा करंटही घटतो, आणि दोघांचा गुणाकार दोन्हीकडून मार खातो. २०५ चा वर्ग भागिले ५२.९, उत्तर ७९४ वॅट. हजारातले दोनशे गेले, वीस टक्के. पाव नाही, पण पाचवा भाग नक्की. हातात रोज इस्त्री धरणाऱ्याचा अंदाज बरोबर निघाला म्हणायचा.

वायरीत मात्र वर्ग करंटचा घ्यायचा. तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात, हे ज्यूलने १८४१ साली मांडलं. करंट अर्धा केला की वायरीतली उष्णता पाव होते. गणवेशवाल्यांनी तीन इस्त्र्या बंद केल्या, पाइप किती पटकन गार होईल ते पाहाच.

पार्कचौक

याच कारणासाठी उच्च दाबाच्या लाइनी असतात ना? आपल्या सोलापूरचं नाव त्यात मोठं आहे, पण इथल्या लोकांनाच माहीत नसतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे वीजवहनाचं जाळं, बाकी देशाच्या ग्रिडशी एका तालात आलं.

भौतिकीच्या_बाई

हो, आणि गणित इस्त्रीचंच. तेवढीच शक्ती ४०० ऐवजी ७६५ किलोव्होल्टवर पाठवली तर करंट जवळपास निम्म्यावर येतो. तारांचा रोध तोच धरला तर तारेतला तोटा २७ टक्क्यांवर उतरतो. गणवेशवाल्यांच्या जिन्यात व्होल्टेज वाढवता येत नाही, म्हणून रोध कमी करायचा.

मुलगा वाचत असेल तर त्याच्यासाठी थोडं अवांतर. गेओर्ग ओहम स्वतः मास्तर होता, कोलोनच्या एका शाळेत शिकवायचा. आधी त्याने व्होल्टाच्या घटांवर प्रयोग केले. पण करंट घेतला की घटाचा व्होल्टेज घसरायचा, वाचनं एकमेकांना जुळेनात. आपल्या सायंकाळच्या लाइनीसारखंच. मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याने घट सोडले आणि तांबं-बिस्मथचं उष्मायुग्म (दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारा दोन धातूंचा जोड) घेतलं, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. व्होल्टेज अगदी किरकोळ, पण जागचा हलेना. त्यावर वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून नियम पक्का केला आणि १८२७ साली पुस्तक काढलं. जर्मनीत बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ले पदक दिलं, तोवर चौदा वर्षं गेली होती.

धोटा

धागा चांगला चाललाय, माझी शंका घुसडतो. आमचे टॉवेलचे माग आहेत, अक्कलकोट रोडला. मागाला एक एचपीची थ्री फेज मोटर. ४१५ व्होल्ट, करंट १.८ अँपिअर. बाईंच्या रीतीने भागलं तर २३० ओहम. पण मोटर काढून दोन टर्मिनलवर मल्टिमीटर लावला तर २२ ओहम. इथे बल्बच्या उलट झालं का? की वायंडिंग गेलंय?

वायरमन_जुळे

वायंडिंग ठणठणीत आहे, घाबरू नका. मोटर म्हणजे हीटर नाही. २२ ओहम हा नुसत्या तांब्याचा रोध. फिरणारी मोटर स्वतः आत उलटा व्होल्टेज तयार करते, तो बाहेरच्या व्होल्टेजला अडवून धरतो, म्हणून करंट १.८ वर थांबतो. म्हणून चालू मोटरवर भागाकार करून "रोध" काढायचा नाही. ते उत्तर वायंडिंगचं नसतं.

याचा अनुभव तुम्हाला रोज येतो. धोटा अडकून माग जाम झाला की मोटर उभी राहते, घूं करते. उभी राहिली की उलटा व्होल्टेज गेला. करंट पाच-सहा पट. उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे पंचवीस ते छत्तीस पट, आणि पंखाही फिरत नाही. जॉबर (माग दुरुस्त करणारा) येईपर्यंत मोटर वास सोडते ती त्यामुळे.

धोटा

अगदी. तो वास ओळखीचा आहे.

पण शक्ती तर जुळते! ४१५ गुणिले १.८ म्हणजे ७४७ वॅट. एक एचपी म्हणजे ७४६. मी तर इतकी वर्षं हाच हिशेब धरतो, बिलाचा अंदाजही त्यावरच काढतो.

वायरमन_जुळे

मालक, हा जुळणारा आकडा फार फसवा आहे. लई लोक यात अडकतात, कारण उत्तर बरोबर दिसतं.

थ्री फेजला गुणाकारात १.७३२ घ्यावा लागतो. ४१५ गुणिले १.८ गुणिले १.७३२, झाले १२९४. हे वॅट नाहीत, व्होल्ट-अँपिअर. मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो म्हणून पॉवर फॅक्टर लावायचा. एवढ्या मोटरला पूर्ण भारावर ०.७८ धरा. झाले १००९ वॅट. मीटर हे मोजतो, बिल याचं येतं. त्यातले मोटरच्या पुलीवर पोचतात पाऊण, कारण कार्यक्षमता ७४ टक्क्यांच्या आसपास. १००९ चे ७४ टक्के म्हणजे ७४६.

१.७३२, ०.७८ आणि ०.७४, तिघांचा गुणाकार करून बघा. एक येतो. योगायोगाने एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून तुमचा साधा गुणाकार पुलीवरच्या शक्तीला जुळतो, आणि बिलाला मागामागे पाव किलोवॅटहून जास्त कमी पडतो. बिल नेहमी अंदाजापेक्षा जास्त येत असणार तुमचं.

धोटा

येतं हो येतं! आणि मी मीटरवर संशय घेत बसलोय.

पार्कचौक

क्लँपमीटरवरून माझी एक शंका. घरी कूलरच्या वायरीला क्लँप लावला तर ०.०० दाखवतो. कूलर तर चालू आहे, गार हवा खातोय.

वायरमन_जुळे

कूलरची वायर म्हणजे एका आवरणात फेज आणि न्यूट्रल दोन्ही. एकीतून जातो, दुसरीतून तेवढाच परत येतो. क्लँपच्या जबड्यात दोघांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात, शून्य दिसतो. जबड्यात एकच तार घ्यायची. वायर सोलायला जाऊ नका. एक्स्टेंशनचा छोटा तुकडा करून घ्या, तिन्ही तारा सुट्या, आवरण शाबूत असलेल्या. त्यातल्या फेजला क्लँप लावा.

कूलरही मोटरच, त्यामुळे नुसता व्होल्टेज गुणिले करंट केला तर वॅट जास्त दिसतील. इस्त्री, गिझर, शेगडी, हीटर यांना गुणाकार चालतो. पंखा, कूलर, फ्रिज, पंप यांना पॉवर फॅक्टर लागतो.

गणवेशवाला

उशीर झाला कळवायला. वायर बदलून झाली.

वायरमन_जुळे यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे एकच जाड लाइन न टाकता दोन केल्या. चार एमएमच्या दोन स्वतंत्र लाइनी, एकीवर तीन इस्त्र्या, प्रत्येकीला १६ चा एमसीबी. बिलावरचा मंजूर भारही पाहिला, तो पुरेसा आहे. पोराने आधीच कागदावर काढून ठेवलं होतं: चार एमएमला हजार मीटरला ४.९५ ओहम, पन्नास मीटरला ०.२५. तीन इस्त्र्या १७.६ ओहम. करंट १२.४, वायरीत पडणार ३.१ व्होल्ट. दोन्ही लाइनी मिळून वायरीतली उष्णता ७६ वॅट, पूर्वीच्या ३७१ च्या जागी. खाली २२१ असतील तर वर २१८ मिळायला हवेत आणि प्रत्येक इस्त्रीला जवळजवळ ९०० वॅट.

मोजलं तर उजव्या टेबलावर २१७.९. पोरगं नाचलं. डाव्या टेबलावर मात्र २१६.४. वायर तीच, लांबी तीच, इस्त्र्या तशाच, करंटही १२.३. दीड व्होल्ट कमी का? एवढं चालतं म्हणून सोडून द्यायचं का?

सातरस्ता

दीड व्होल्टाने काय होतंय. घडी बसतीय ना आता? सोडा.

वायरमन_जुळे

सोडू नका. दीड व्होल्ट पंचवीस मीटरवर पसरलेला असता तर मीच म्हटलो असतो सोडा. पण वायर दोन्हीकडे सारखी आहे, म्हणजे हा दीड व्होल्ट एकाच जागी पडतोय. १.५ गुणिले १२.३, १८ वॅट. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता एखाद्या स्क्रूखाली. रोध काढला तर ०.१२ ओहम, कुठल्याही चांगल्या जोडात एवढा नसतो.

डाव्या टेबलाच्या तिन्ही प्लगवर कमी आहे की एकाच? तिन्हींवर २१६.४ असेल तर दोष तिन्हींच्या आधी आहे: एमसीबीचा स्क्रू, जंक्शन किंवा टेबलाच्या बोर्डातला मेन स्विच. तुमच्या वायरमनला बोलवा, इस्त्र्या चालू ठेवून त्याला मीटरच्या दोन पिना त्या एकाच वस्तूच्या अलीकडे-पलीकडे लावायला सांगा. स्विचच्या एका स्क्रूवर एक, दुसऱ्यावर दुसरी. चांगल्या स्विचवर जेमतेम काही मिलिव्होल्ट दिसतात. जिथे व्होल्ट-दीड व्होल्ट दिसेल तिथे चोर. बोर्ड उघडा आणि लाइन चालू असताना हे मोजायचं असतं, म्हणून पोराला हात लावू देऊ नका, कितीही हुशार असला तरी.

गणवेशवाला

सापडला. तिन्ही प्लगवर २१६.४ होते. टेबलाच्या बोर्डातला मेन स्विच, जुनाच ठेवला होता. त्याच्या दोन स्क्रूंमध्ये १.४ व्होल्ट. लाइन बंद करून उघडला तर एका बाजूचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, आणि स्क्रूखाली चार एमएमचे निम्मेच धागे गेलेले, बाकीचे बाहेर दुमडलेले. स्क्रू काढून सगळे धागे पिळून आत घातले, घट्ट केलं. आता ०.२ व्होल्ट.

वायरमन_जुळे

०.२ पण जास्तच आहे. आतली पट्टी एकदा तापून काळी पडली की तिचा ताण जातो, परत घट्ट बसत नाही. तो स्विच काढून टाका, नवा घ्या, आणि चार एमएमच्या धाग्यांना तांब्याचा लग (तारेच्या टोकावर बसवायची टोपी) दाबून मगच स्क्रूखाली घाला. उजव्या टेबलाचा स्विचही त्याच वेळचा असेल तर तोही उघडून बघा.